योमोगीचा उपवास

हिनोकिदानी, ६ मे

प्रिय नात्सुमे,

समोरच्या डोंगरावर जांभळ्या फुलांचे वेल लोंबू लागले आहेत. पत्राची सुरुवात ऋतूने करावी, असं गावच्या शाळेत शिकवलं होतं. हवेबद्दल दोन ओळी लिहिल्या की हात चालू लागतो, म्हणून मी अजून तसंच करतो.

फोन का नाही केला, म्हणशील. फोनवर मी विचार करायला थांबलो की तू म्हणतेस, "काका, ऐकू येतंय का? लाइन तुटली वाटतं." आणि मला जे सांगायचं असतं तेच निसटतं.

सांगायचं ते असं की योमोगी जेवत नाही.

फेब्रुवारीत कात्सु, तुझा बाबा, गेल्यावर तिचं काचेचं घर आणि उंदरांचे पिंजरे मी ट्रकमधून ओसाकाहून इथे आणले, तेव्हा तू थर्माकोलच्या खोक्यात कात्सुने स्वतः तयार करून गोठवलेले उंदीर दिले होतेस. ते होते तोवर ती नीट खात होती. मार्चअखेरीस ते संपले. त्याच सुमारास कात्सु जाऊन एकोणपन्नास दिवस भरले, तू गावच्या कबरीत ठेवायला अस्थी घेऊन आलीस आणि त्याच्या नावाची पाटी आपल्या देव्हाऱ्यात बसली. त्यानंतरचे उंदीर माझ्या हातचे. त्यातला एकही तिने घेतलेला नाही. चिमट्यात धरून पुढे केला की जवळ येते, जीभ लववते, आणि मान वळवून ओंडक्यामागे जाते. एखाद्या घरी जेवायला बोलावलेल्या माणसाने ताट बघून "पोट भरलंय" म्हणावं, तशी.

फुसाए काकू म्हणते, "शहरात वाढलेली ती. आपलं गावठी कशाला आवडेल तिला?"

मला मात्र वाटतं, तिला कात्सुची आठवण येत असेल. सापांना असं होतं का? तू प्राण्यांच्या दवाखान्यात काम करतेस, तुला ठाऊक असेल.

तुझा काका,
शिगेनोरी


ओसाका, ११ मे

काका,

हवेचा परिच्छेद: ओसाकात उकडतंय. झाला.

साप रुसत नाहीत आणि झुरतही नाहीत. बाबा गेला त्या आठवड्यात माझ्या घशाखाली भात उतरत नव्हता, आणि योमोगीने अख्खा उंदीर गिळून पाणी प्यायलं. मी काचेबाहेर उभी राहून तिला म्हटलं होतं, "बेशरम!" तेव्हा आठवण वगैरे सोडून द्या.

आता कामाचं. उंदीर आदल्या दिवशी फ्रीझरमधून खालच्या कप्प्यात ठेवता ना? पूर्ण वितळला की पिशवीसकट कोमट पाण्यात धरायचा. वरून गरम आणि पोटात गार राहिला तर ती घेत नाही. बाबा गालाला लावून बघायचा. "जिवंत असल्यासारखा लागला पाहिजे," म्हणायचा. मी म्हणायचे, "त्याच गालाने माझ्याजवळ येऊ नकोस." मग तो मुद्दाम यायचा.

तिच्या घराची एक बाजू उबदार आहे ना? लपायला जागा? खोलीत माणसांची ये-जा?

आणि वायूचं. बाबाच्या माशांच्या टाकीतल्या झाडांसाठी जो कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर होता, तोच वापरत असाल. चावी हळूच उघडता ना? एकदम सोडला तर त्यांच्या नाकाडोळ्यांत झोंबतो आणि ते घाबरतात. घाबरून मेलेला उंदीर आणि झोपेत गेलेला उंदीर यांत फरक असतो. सापासाठी नसेल, पण उंदरासाठी असतो. हे वाक्य बाबाचं. नवजात गुलाबी पिल्लांना या वायूने लवकर काही होत नाही, नुसते हाल होतात, म्हणून ती कधीच घेऊ नका. योमोगीला त्यांची गरजही नाही.

शेजारचे तोकुदासान "उंदीर जिवंतच आत सोडा" म्हणतील. ऐकू नका.

नात्सुमे

ता.क. काकूला सांगा, योमोगी शहरातली नाही. तुमच्याच कोठाराचं छप्पर उतरवताना सापडलेल्या अंड्यातून निघाली आहे. मी तेव्हा पहिलीत होते. बाबाने ते अंडं ओलसर शेवाळ्यात गुंडाळून डब्यातून ओसाकाला नेलं, आणि आईने त्या दिवसापासून तो डबा कधी वापरला नाही.


हिनोकिदानी, ९ जून

प्रिय नात्सुमे,

नदीकाठी काजवे दिसू लागले. पण यंदा कमी आहेत.

तू लिहिलंस ते सगळं पडताळून पाहिलं. उबदार बाजू उबदार आहे. लपायला कात्सुने दिलेला पोकळ ओंडका आहेच, शिवाय अळंबीच्या शेडमधलं एक जुनं खोडही ठेवलं. ती त्यात आवडीने जाऊन बसते. पण खात नाही.

तू विचारलंस म्हणून माझी रीत सांगतो. उंदीर अळंबीच्या शेडच्या कोरड्या बाजूला आहेत. त्यांना दाणा, पाणी आणि भुसा मी स्वतः घालतो. दोन-तीन निवडतो. त्यांच्याच पिंजऱ्यातला भुसा झाकणाच्या पेटीत घालतो, म्हणजे ओळखीचा वास असतो, आणि त्यांना तिथे थोडा वेळ नुसतं बसू देतो. ते मिशा साफ करतात, कोपरे हुंगतात. मग नळीची चावी अगदी हळू फिरवतो. फुसफुस ऐकू आली म्हणजे जास्त झालं, असं मी ठरवलंय. आधी ते थांबतात, मग बसतात, मग एकमेकांवर मान टाकून निजतात. निजल्यावरही वायू चालू ठेवतो आणि लगेच झाकण उघडत नाही. उघडल्यावर छाती बघतो, डोळ्याला गवताची काडी लावून बघतो. पापणी हलली नाही की मगच हात लावतो. नंतर थोडा वेळ तसेच ठेवून, पिशवीत सपाट घालून फ्रीझरमध्ये ठेवतो.

हे काम सुरू केल्यापासून मी सावकाश झालो आहे. अळंबी तोडतानाही.

फ्रीझरवरून मात्र घरात गडबड झाली. काकूने बांगडे काढायला म्हणून हात घातला आणि पिशवी हाताला लागली.

"हे काय आहे?"

"योमोगीचं."

"बांगड्याला चिकटून?"

"पिशवी बंद आहे."

"तुमचंही तोंड बंद ठेवा," ती म्हणाली आणि बांगड्याच्या पिशव्या वरच्या कप्प्यात हलवल्या. दुसऱ्या दिवशी पाहतो तर खालच्या कप्प्यावर तिच्या अक्षरात चिठ्ठी: "कात्सुच्या लेकीचं." मी बराच वेळ फ्रीझरचं दार उघडं ठेवून उभा होतो. मग त्यावरूनही ओरडा खाल्ला.

तोकुदा आलाच. काचेपाशी वाकून म्हणाला, "अरे शिगे, मेलेलं कोण खाईल? एक जिवंत सोड आत. तुडतुडत पळू दे. बघ कशी झडप घालते. आणि बघायलाही मजा!"

मी म्हटलं, "मजा कुणाला?"

"आपल्याला!"

मी त्याला चहा दिला आणि घरी पाठवला. कोपऱ्यात सापडलेला उंदीर जिवाच्या आकांताने चावतो, योमोगीचा डोळा जाऊ शकतो, हे तर आहेच. पण खरं कारण वेगळं आहे. ज्याला मी दाणे घालून वाढवलं त्याचा शेवट भीतीत व्हावा, हे मला जमणार नाही. त्याला जायचं आहे हे मी बदलू शकत नाही, कसं जायचं एवढंच माझ्या हातात आहे.

आणि तरी ती खात नाही.

शिगेनोरी


ओसाका, २० जून

काका,

आमच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आधी वजन करा. मात्सुएत सापांचं बघणारे एक डॉक्टर आहेत, पत्ता मागे लिहिलाय. योमोगीला कापडी पिशवीत घालून, पिशवी खोक्यात ठेवून न्या. ट्रकच्या मागे नाही, पुढे, तुमच्या शेजारी.

बोनला, पितर घरी येतात त्या दिवसांत, येऊ शकणार नाही. सुट्टीच्या दिवसांत लोक आपापले कुत्रे-मांजरं आमच्याकडे ठेवून गावी जातात, त्यामुळे आम्हालाच गाव नसतं. बाबाचं पहिलंच बोन आहे, ठाऊक आहे मला. काकू रागावेल. तिला सांगा, मी इथून हात जोडेन.

तुमचं फ्रीझरचं वाचून जेवणाच्या सुट्टीत हसले. मग चिठ्ठीचं वाचलं.

नात्सुमे


हिनोकिदानी, २२ जुलै

प्रिय नात्सुमे,

रातकिडे इतके ओरडताहेत की मनातलं वाक्य हरवतं.

मात्सुएला जाऊन आलो. वाटेत एका वळणावर मी योमोगीला सवयीने "धर नीट" म्हणालो. डॉक्टर तरुण आहेत, हात हलका आहे. त्यांनी तिचं तोंड उघडून पाहिलं, पोट चाचपलं, विष्ठा तपासली. रोग काही नाही. पण वजन चांगलंच उतरलंय. म्हणाले, "पानगळीपर्यंत खाल्लं नाही तर नळीने पोटात घालावं लागेल. या वयात ते तिला कितपत सोसेल, सांगता येत नाही."

आता तिच्या पाठीचा कणा कातडीतून जाणवतो. डोंगराच्या धारेसारखा.

नात्सुमे, मी पुष्कळ विचार केला आहे. कात्सुच्या हातचे होते तोवर तिने खाल्ले. माझ्या हातचे सुरू झाले आणि तिने तोंड फिरवलं. रीत तीच, सिलिंडर तोच, उंदीरही त्याच्याच उंदरांची पिल्लं. बदलले ते फक्त हात. आमच्या लहानपणी आजी सांगायची, घराच्या माळ्यावरचा साप हा घराचा राखणदार असतो, त्याला माणसातलं कळतं. मी जीव घेताना मनात काहीतरी हलतं, ते तिला कळत असेल का?

सप्टेंबरात पौर्णिमेला देवळाच्या तळ्यापाशी पकडलेले जीव मोकळे सोडण्याचा विधी असतो. लोक मासे सोडतात, पूर्वी चिमण्याही सोडत. मला वाटलं, तिलाही त्या दिवशी मागच्या रानात सोडावं. ती मुळात इथलीच. माझ्या हातचं खात नाही तर निदान स्वतःचं शोधेल.

देवळातल्या आचार्यांना विचारलं. ते म्हणाले, "पकडून आणलेलं सोडायचं असतं. हिला कुणी पकडलंय?"

मी म्हणालो, "माझ्या भावाने."

"मग त्याच्या मुलीला विचार."

म्हणून विचारतोय.

शिगेनोरी


ओसाका, २७ जुलै

काका,

नाही.

नाही, नाही, नाही. तिने जन्मात शिकार केलेली नाही. घार म्हणजे काय, मांजर म्हणजे काय, रस्ता म्हणजे काय, तिला ठाऊक नाही. हिवाळ्यात कुठे शिरायचं हे तिला कुणी शिकवलेलं नाही. तुम्ही सोडाल, हात जोडाल, घरी येऊन चहा प्याल, आणि ती पहिल्या बर्फाआधी कुठल्यातरी गटारात मरेल. त्याला सोडणं म्हणत नाहीत, काका. आमच्या दवाखान्यात त्याला दुसरा शब्द आहे.

माफ करा. एवढं बोलायला नको होतं. पण खोडत नाही.

एक गोष्ट सांगते, काकूला सांगू नका. मी योमोगीला कधी हात लावलेला नाही. एका छपराखाली इतकी वर्षं, आणि एकदाही नाही. बाबा कामावरून आला की आधी तिच्याकडे जायचा, मग माझ्याकडे. लहानपणी मी देवळात जाऊन ती मरावी म्हणून घंटा वाजवली होती. आता बाबाने हाताने वाढवलेलं जे काही आहे, त्यात ती आणि मी, दोघीच श्वास घेतोय. ती मरू नये म्हणून कुठल्या देवळात जायचं ते मला कळत नाही.

तुमचे हात वाईट आहेत असं पुन्हा लिहिलंत तर हे पत्र काकूला वाचायला देईन, मग बघा.

काहीतरी बदललंय. हात नाही, दुसरं काहीतरी. आंधळ्याला सांगावं तसं सांगा. पेटीचं झाकण उघडल्यापासून ते चिमटा तिच्या पुढे नेईपर्यंत. तुम्ही लिहिलं होतंत, "थोडा वेळ तसेच ठेवून." कुठे ठेवता? कशावर? काही म्हणजे काही वगळू नका.

नात्सुमे


हिनोकिदानी, १७ ऑगस्ट

प्रिय नात्सुमे,

काल संध्याकाळी नदीवर दिवे सोडून पितरांना निरोप दिला. तुझ्या नावाचाही एक दिवा काकूने सोडला. रागावलेली नाही. वाकडा चालला म्हणून पाण्यात उतरून सरळ केला, आणि म्हणाली, "बापासारखीच, सरळ जाईल तर शपथ."

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी उत्तर द्यायला हवं होतं. तू जे विचारलंस ते सांगायला मला थोडा संकोच होता. बोनचे तीन दिवस कात्सु घरी होता, त्याच्यासमोर बसून विचार केला, आणि आता लिहितो.

उंदीर गेल्याची खात्री झाली की मी त्यांना पेटीतून काढतो. ओल्या फडक्याने अंग पुसतो. लाकडी ताटलीत पांढरा कागद घालून त्यावर शेजारी शेजारी ठेवतो. आणि देव्हाऱ्यासमोर नेतो.

हे तुला लिहिलं नव्हतं, कारण देव्हाऱ्याला मांस-मच्छी चालत नाही, हे लहान मुलालाही ठाऊक असतं. आचार्यांनाही सांगितलेलं नाही. पण मी आत ठेवत नाही. खाली, चटईवर ठेवतो.

आपल्या घराची रीत तुला ठाऊक आहे. हंगामाची पहिली अळंबी असो, कुणी दिलेली फळं असोत, तू पहिल्या पगारातून पाठवलेली मिठाई असो, आधी देव्हाऱ्यासमोर जाते, मग आपण खातो. योमोगीचं जेवण तर जन्मभर कात्सुने दिलं. आता तो तिथे बसला आहे. त्याला न दाखवता तिला कसं द्यायचं? आणि त्या उंदरांनाही कुणाच्या तरी समोर जायला मिळावं, असं वाटतं. उदबत्ती लावतो, ती संपेपर्यंत बसतो, देवाचं नाव घेतो. मग पिशवीत भरतो. तिला द्यायच्या दिवशीही, गरम करून झाल्यावर, क्षणभर समोर धरतो. "कात्सु, देतो रे तिला," एवढंच म्हणतो.

मग चिमटा घेऊन योमोगीकडे जातो. यात आणखी काहीही नाही.

शिगेनोरी


ओसाका, २० ऑगस्ट (जलद टपालाने)

काका,

उदबत्ती!

काका, उदबत्ती! मी दवाखान्यात इतक्या मोठ्याने ओरडले की एका बाईंच्या मांडीवरचं मांजर कपाटावर जाऊन बसलं.

सापाला जेवण डोळ्यांनी कळतं त्याहून जास्त वासाने कळतं. ती जीभ लववते ना, ती हवेतला वास चाखत असते. तुम्ही तिच्यापुढे धरता तो तिच्या लेखी उंदीर नाहीच. तो देवळाचा खांब आहे. कोण खाईल देवळाचा खांब?

मला आधीच कळायला हवं होतं. सुट्टीत तुमच्याकडे यायचे तेव्हा काकू गोड पुरणाचे मांजू द्यायची, आणि एकूण एक मांजूला उदबत्तीचा वास असायचा. बाबा म्हणायचा, "दादाच्या घरी साखरेलाही धुराची चव असते." मी नाक दाबून खायचे. योमोगीला नाक दाबता येत नाही, एवढाच फरक.

सापाला प्रसाद चालत नाही, काका.

आता असं करा. फ्रीझरमधले आहेत ते सगळे बाद. त्या प्रत्येकात वास मुरलाय. नवीन तयार करा, शेडमध्येच. घरात आणायचे नाहीत. फडकं नवं, ताटली नको. हात बिनवासाच्या साबणाने धुवा. देव्हाऱ्यासमोर बसताना घालता तो सदरा घालू नका. शेडमधूनच पिशवीत, आणि फ्रीझर नको, ताजा असतानाच, ऊब असतानाच द्या.

आणि उदबत्ती नको. एकही नको, लांबूनही नको.

मी काय मागतेय ते मला कळतंय. माझ्यासाठी एकदा करा.

नात्सुमे


हिनोकिदानी, ८ सप्टेंबर

प्रिय नात्सुमे,

भाताच्या लोंब्या वाकल्या आहेत आणि बांधावरच्या लाल फुलांचे कोंब जमिनीतून वर आले आहेत.

तुझं पत्र मी शेडमध्ये उभ्याने वाचलं. आधी हसू आलं. मग फ्रीझरमधल्या पिशव्या डोळ्यांपुढे आल्या आणि हसू थांबलं. इतके जीव घेतले, इतक्या जपून घेतले, आणि माझ्या भक्तीनेच ते वाया घालवले. हे मनातून लवकर गेलं नाही.

नवे तयार करायला मन धजेना. पेटी पुसून ठेवली, भुसा घातला, आणि परत घरात आलो. असं दोनदा झालं. उदबत्तीशिवाय, कुणाच्या समोर न नेता, सरळ पिशवीत घालायचं म्हणजे बाजारातलं सामान भरल्यासारखं वाटत होतं. तिसऱ्यांदा परत आलो तेव्हा काकू पडवीत मुळ्याच्या बिया निवडत होती.

"काय झालं? सिलिंडर संपला?"

"नाही. उदबत्ती लावायची नाही म्हणते नात्सुमे."

"मग लावू नका."

"तसंच कसं..."

ती बियांवरून नजर न काढता म्हणाली, "नाव घ्यायला काडी लागते का?"

मी पायरीवर टेकलो.

"नावाला वास नसतो," ती म्हणाली. "घ्या किती घ्यायचं ते. सापाला कळायचं नाही."

जरा वेळाने म्हणाली, "आणि ताटली घेऊन चोरासारखे देव्हाऱ्याकडे जायचात ते मला मार्चपासून ठाऊक आहे. मला वाटलं, भावाभावांचं काही असेल. म्हणून विचारलं नाही."

मी शेडमध्ये गेलो. दोन उंदीर पेटीत बसवले. ते मिशा साफ करत होते. चावी फिरवली आणि नाव घेऊ लागलो, अगदी हळू आवाजात, वायू जितका हळू तितकं. एरवी चावी फिरवून मी नुसता बघत असायचो, नाव नंतर देव्हाऱ्यासमोर घ्यायचो. म्हणजे ते गेल्यावर. या वेळी ते निजेपर्यंत त्यांच्याजवळच नाव घेत होतो. हे आधी का सुचलं नाही, ते मला सांगता येत नाही.

मग पापणी पाहिली, थांबलो, पुन्हा पाहिली. कोरा सदरा अंगात होता. पिशवी कोमट पाण्यात धरली. काचेच्या घराचं झाकण सरकवलं आणि चिमटा पुढे केला.

योमोगी ओंडक्यातून अर्धी बाहेर आली. जीभ लववली. थांबली. पुन्हा लववली. मला सवयीने वाटलं, आता मान वळवणार. मान वळली नाही. मानेची घडी पडली, आणि चिमट्याला असा हिसका बसला की तो माझ्या हातून सुटला.

दुसराही घेतला.

मी दारात बसून राहिलो. नंतर हात-पाय धुतले, देव्हाऱ्यासमोर गेलो, उदबत्ती लावली आणि कात्सुला सांगितलं, "जेवली." तुझ्या बाबाशी आयुष्यात मी कधी लांबलचक बोललो नाही. हेही पुरलं.

राहिले ते फ्रीझरमधले. पुरणार होतो. पण आधी डोंगराच्या उघड्या खडकावर नेऊन मांडले आणि दूर बसलो. घारी आल्या. त्यांना उदबत्तीचं काही वाटलं नाही. एकही उरला नाही.

पौर्णिमेला देवळात जाईन. हात रिकामेच असतील.

शिगेनोरी


ओसाका, १३ सप्टेंबर

काका,

सामान ठेवायच्या खोलीत बसून रडले. बाईंनी विचारलं, "कोण गेलं?" मी म्हटलं, "कुणी नाही. जेवली."

त्या आता मला जरा जपून वागवतात.

शरदात दिवस-रात्र सारखे होतात त्या सणाला दोन दिवस सुट्टी मिळाली आहे. बाबाच्या कबरीवर पाणी घालायला येते. आणि तिच्या जेवणाचा दिवस त्यातच येईल असं बघा. काकूला सांगा, मांजू असतील तर ठेव. धुराचेच.

नात्सुमे


हिनोकिदानी, ४ ऑक्टोबर

प्रिय नात्सुमे,

बांधावरची लाल फुलं करपली. सकाळी तोंडातून वाफ निघते.

तू गेल्यावर घर दोन दिवस शांत होतं, मग काकू म्हणाली, "कुणी भांडायला नाही तर घास जात नाही," आणि माझ्याशी भांडली.

त्या दिवशी तू पेटीपाशी बसून नाव घेतलंस की नाही, मला ऐकू आलं नाही. विचारतही नाही. पण उंदीर कोमट पाण्यातून काढल्यावर तू तो आधी हाताने चाचपलास, आणि मग गालाला लावून बघितलास. तुला कळलं असेल-नसेल. मी दाराबाहेर, पर्सिमनच्या झाडाकडे बघत राहिलो. नंतर योमोगी तुझ्या मनगटावर चढली तेव्हा तू म्हणालीस, "गार असेल वाटलं होतं. नाहीये." तेवढं ऐकलं.

योमोगीला ठेवता येईल असं घर शोधायची घाई करू नकोस. जागा चांगली मिळाली की ने. नाहीतर ती इथे आहेच, आणि मीही.

गेल्या आठवड्यात तिचे डोळे धुरकट झाले होते. खोडाला अंग घासत होती. परवा सकाळी सबंध कात उतरवून मोकळी झाली. एकसंध, डोळ्यांच्या खपल्यांसकट. खाली नवी योमोगी वसंतातल्या पाल्यासारखी हिरवी निघाली आहे. कणा आता दिसत नाही.

कात मी आत नेली आणि कात्सुसमोर ठेवली. मांस नव्हे, तेव्हा कुणाची हरकत नसावी. दोन दिवस तिथे होती. शेपटीकडचा तुकडा कापून या पाकिटात घातला आहे, पैशांच्या पाकिटात ठेव, पैसा टिकतो म्हणून सगळेच ठेवतात.

कातीला उदबत्तीचा वास लागला असेल. आता लागू दे.

तुझा काका,
शिगेनोरी